साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

गोरेगाव म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे लोकलचे स्टेशन येते. मी म्हणतो ते गोरेगाव गोंदियाच्या दक्षिणेला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले तालुक्याचे गाव. १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि गावाचा पत्ता बदलला. तिथे माझे एक स्नेही राहतात. शाळेतून निवृत्त झालेले आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या घरात दोन गोष्टी भरपूर आहेत : तांदळाची पोती आणि गाण्याच्या सीड्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा जुना सीडी प्लेअर बंद पडला आणि त्यांनी मला सल्ल्याला बोलावले. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला यंत्रातले काही कळो न कळो, पैसा कुठे घालावा हे नक्की कळते, असा लोकांचा गोड समज असतो. गुरुजींपुढे दोन पर्याय होते. सीडी वाजवणाऱ्या यंत्राची कामे मुळात दोन. एक म्हणजे तबकडी फिरवून तिच्यावरच्या खुणा लेसरच्या किरणाने वाचणे आणि दुसरे म्हणजे वाचलेल्या आकड्यांचा आवाज करणे. शौकीन मंडळी ही दोन कामे दोन वेगळ्या पेट्यांना वाटून देतात. त्यातल्या फिरवणाऱ्या पेटीला ट्रान्सपोर्ट म्हणतात. गुरुजींच्या मनात भरलेला ट्रान्सपोर्ट चांगला जाडजूड होता. झाकण हाताने उचलायचे, तबकडी ठेवायची, वर एक वजन ठेवायचे. रिमोट नाही. चरे पडलेली तबकडी असली तर साहेब रुसून बसणार. पण आवाज असा, की तंबोऱ्याच्या तारा मोजाव्यात. दुसरा पर्याय साधा. बटण दाबले की ट्रे बाहेर येतो, रिमोट आहे, जुन्या चरेवाल्या तबकड्याही निमूट वाजवतो. गुरुजींच्या आईला पहाटे भजने लागतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या जड झाकणापाशी त्यांचे कसे व्हायचे, हा खरा प्रश्न होता.

मी गुरुजींना विचारले, नव्या यंत्रावर पहिली तबकडी कोणाची लावणार? ते म्हणाले, केसरबाईंची. मला हसू आले. कारण चांगला आवाज की रोजची सोय, हा हिशेब केसरबाई केरकरांनी जन्मभर केला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच काढले होते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा. गाव केरी, गोव्याच्या फोंडा तालुक्यातले. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. देवळांच्या आश्रयाने गाणे सांभाळणाऱ्या घराण्यांतून ज्या गायिका निघाल्या, त्यांनी पुढे मुंबईच्या मैफिलींचा सारा रंग बदलून टाकला. केसरबाई त्यांच्यातल्याच. आठ वर्षांच्या असताना त्यांना कोल्हापूरला नेले आणि तिथे आठ महिने अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली. मग परत गोवा. रामकृष्णबुवा वझे लामगावला यायचे, तेव्हा त्यांच्याकडे शिकणे. सोळाव्या वर्षी आई आणि मामांबरोबर मुंबई. तिथे पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ मुंबईला येतील तेव्हा शिकवत. ते म्हैसूर दरबारी गेल्यावर थोडे दिवस भास्करबुवा बखले, थोडे दिवस पुन्हा वझेबुवा. गुरूंची ही यादी मोठमोठ्या नावांची आहे खरी, पण ती तुकड्यातुकड्यांची आहे. कोणी दोन वर्षे, कोणी आठ महिने. बँकेत असे खाते आले तर आम्ही म्हटले असते, व्यवहार पुष्कळ, शिल्लक बेताची.

इथे जरा थांबून त्या काळाकडे बघायला हवे. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगे. कर्ण्यापुढे तोंड घालून गायचे आणि तीन मिनिटांत आटपायचे, असा मामला होता. तो साधणाऱ्यांची नावे घरोघर गेली. केसरबाईंच्या पहिल्या गुरूंनी, अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारासच तबकड्या दिल्या आणि १९३० नंतर दिलेल्या त्यांच्या तबकड्या तर अजून लोकांच्या कानांत आहेत. वझेबुवांच्याही तबकड्या आहेत. भास्करबुवांची मात्र एकही नाही. पुढे ज्यांच्या पायाशी केसरबाईंनी पाव शतक काढले, त्या अल्लादिया खाँसाहेबांचीही नाही. म्हणजे या बाईंच्या गुरूंमध्येच दोन तट होते. एकाने आपला आवाज कर्ण्यात ओतला, दुसऱ्याने तो शिष्याच्या गळ्यात ठेवला, बाहेर कुठे ठेवलाच नाही.

अल्लादिया खाँ हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांनीच घडवली. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा मूळ आवाज बसला, तो पहिल्यासारखा परत आला नाही. मग उरलेल्या आवाजाला पेलेल अशी वळणावळणाची, लयीला चिकटून चालणारी, एका स्वरसमूहातून दुसऱ्यात बेमालूम शिरणारी गायकी त्यांनी बांधली. ही गायकी घाईत सांगता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत ती फक्त पाय पसरते. केसरबाईंना शिकवायला खाँसाहेब सहजी तयार नव्हते. अटी घातल्या, त्या भारी होत्या. केसरबाईंनी त्या मान्य केल्या आणि १९२१ मध्ये तालीम सुरू झाली.

त्या वर्षी केसरबाईंचे वय होते एकोणतीस. त्या काळी या वयाच्या गायिकेने नाव कमावलेले असायचे, तबकड्या बाजारात असायच्या. केसरबाई मात्र पहिलीच्या वर्गात बसल्या. पुढची अकरा वर्षे कडक तालीम झाली. तेच पलटे, तोच आकार, तोच श्वास, रोज. खऱ्या अर्थाने व्यावसायिक गाणे सुरू केले ते १९३० मध्ये, अडतिसाव्या वर्षी. त्यानंतरही खाँसाहेबांकडे शिकणे थांबले नाही. १९४६ मध्ये मुंबईत खाँसाहेब गेले, तेव्हा ते थांबले. उत्पन्नाला हात न लावता मुद्दल वाढवत नेण्याचा इतका धीर मी तरी कोणा ग्राहकात पाहिला नाही.

मग जो आवाज तयार झाला त्याचे वर्णन ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांनीच करावे. मी पडलो तबकडीवाला. तबकडीतून एवढे कळते की आवाज भरदार आहे, मोकळ्या आकाराचा आहे, मंद्रापासून तारापर्यंत त्याची जाडी बदलत नाही आणि तान घेताना प्रत्येक स्वर दाण्यासारखा वेगळा दिसतो. या आवाजाला मोठी बैठक लागे, जाणकार लागत आणि वेळ लागे. राजेरजवाड्यांच्या आणि मुंबईच्या धनिकांच्या बैठकींत त्या गात. मानधनाच्या बाबतीत काटेकोर होत्या. ध्वनिक्षेपकाचे त्यांना प्रेम नव्हते. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की रात्ररात्र नाटके चालतात. नटाच्या डोक्यावर माईक टांगलेला असतो आणि मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू आले पाहिजे हा पहिला नियम असतो. केसरबाईंचा हिशेब उलटा होता. आवाज पोहोचेल तेवढीच बैठक. त्यापलीकडे बसणाऱ्याची सोय त्यांनी पाहिली नाही.

तबकड्यांच्या बाबतीतही तेच झाले. त्यांनी एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी गायले, पण मोजकेच. आपले गाणे कोणत्या रूपात लोकांपुढे जाते याबद्दल त्या फार चोखंदळ होत्या. तोवर कर्णा जाऊन विजेचे ध्वनिमुद्रण आले होते, १९२५ नंतर आवाज पूर्वीपेक्षा किती तरी स्वच्छ उतरू लागला होता. तक्रार स्वच्छतेची राहिली नव्हती, वेळेची होती. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन-साडेतीन मिनिटे. गाणे मेणाच्या चकतीवर थेट कोरले जाई. मध्येच चूक झाली तर चकती वाया जाई आणि पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. जोडकाम करायची सोय नव्हती. ज्या रागाला मैफिलीत पाऊण तास लागायचा, तो इथे दूध उतू जायच्या आत संपवायचा.

तरीही त्या तबकड्या ऐकाव्यात. ललत, तोडी, देसी, नटकामोद, ललितागौरी, मालकंस, गौडमल्हार, भैरवी. विलंबिताला जागाच नाही, म्हणून बाई सरळ मध्यात उतरतात. मुखडा येतो, समेवर पडतो, दोन आलाप, लगेच बोलांची ओढाताण, मग ताना. शेवटची तान समेला येते तेव्हा चकती संपलेली असते. घाई मात्र कुठे दिसत नाही. मुंबईच्या चाळीत एका खोलीत सहा माणसे राहतात, पण पाहुणा आला की घर मोठे वाटते, तसा हा संसार आहे. ललितागौरीसारखा जोडराग तीन मिनिटांत उभा करणे म्हणजे काय, हे गाणे शिकणाऱ्यांना विचारावे.

रेडिओशीही त्यांचे सूत फारसे जमले नाही. आपले गाणे कोणी टेपवर घेतलेले त्यांना रुचत नसे. काही मैफिलींची खासगी मुद्रणे मागे राहिली, रसिकांनी ती एकमेकांना दिली, पण त्यांचा आवाज तबकडीइतका साफ नाही. गाण्याचा विस्तार ऐकायचा तर खरखर सोसावी लागते आणि साफ आवाज ऐकायचा तर तीन मिनिटांवर समाधान मानावे लागते. दोन्ही एकत्र हवे असेल तर ते आता कुठे मिळत नाही.

इथे मी माझे मत सांगून टाकतो, रसिकांनी रागावू नये. मला वाटते बाई इथे चुकल्या. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँगप्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे देणारी. चुंबकीय फीतही त्याच सुमाराला हाताशी आली. केसरबाई त्यानंतर दीड दशक गात होत्या. एका शांत खोलीत चार रात्री त्यांनी फीत फिरू दिली असती तर आज गोरेगावात बसून आम्हाला त्यांचा पाऊण तासाचा राग ऐकता आला असता. पण असे म्हणताना माझ्या ध्यानात येते की तडजोड करणाऱ्या केसरबाई एकोणतिसाव्या वर्षी पहिलीत बसल्याच नसत्या. ज्या हट्टाने तो आवाज घडला, त्याच हट्टाने तो आपल्यापासून दूर ठेवला. एकच हट्ट होता, दोन वेगळे नव्हते.

मान मिळाले. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या रसिकांनी सूरश्री ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून गौरवले. तोवर त्यांनी जाहीर गाणे थांबवले होते. १९६० च्या दशकात, गळ्याची पहिली कुरकुर लोकांना ऐकू येण्याआधी, त्या व्यासपीठावरून उतरल्या. हा निर्णयही त्याच जातीचा. ज्या दर्जाचे गाणे आपण मान्य करतो तेवढे देता येत नसेल तर द्यायचेच नाही.

गाणे पुढे कोणाकडे द्यायचे? शिष्य करण्याच्या बाबतीत त्या तबकडीइतक्याच सावध होत्या. धोंडूताई कुलकर्णी ही त्यांची एकमेव शिष्या. धोंडूताई कोल्हापूरच्या. त्याआधी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या, म्हणजे घराण्याची वाट त्यांना ठाऊक होती. त्यांनी केसरबाईंचे शिकवणे, बोलणे, रागावणे, सारे सोसून ती विद्या घेतली आणि मुंबईत राहून पुढे शिष्यांना दिली. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या शिष्या नमिता देवीदयाल यांनी या साऱ्यावर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक २००७ मध्ये आले. केसरबाईंच्या स्वभावाची धार ज्यांना बघायची असेल त्यांनी ते जरूर वाचावे. मी ते गोंदियाहून नागपूरला जाताना गाडीत संपवायला घेतले आणि नागपूर आले तरी उठलो नाही, डब्याच्या झाडूवाल्याने उठवले.

आता १९७७ साल. अमेरिकेच्या नासा संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या बाहेर पाठवायचे ठरवले. कुठे कोणी बुद्धिमान प्राणी भेटलाच तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून दोन्ही यानांवर एकेक तबकडी ठेवायची होती. कार्ल सेगन यांच्याकडे हे काम होते. तबकडी तांब्याची, बारा इंची, वर सोन्याचा मुलामा. सोबत ती वाजवायची सुई आणि कव्हरावर कशी वाजवावी याच्या आकृती. आता त्या मंडळींपुढे नेमका आमच्या गुरुजींचाच प्रश्न उभा राहिला. लाँगप्लेच्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ३३ पूर्णांक एकतृतीयांश फेऱ्यांनी कोरले तर आवाज उत्तम, पण पृथ्वीचे सारे संगीत पाऊण-एक तासात बसवायचे. त्यांनी वेग निम्मा केला, १६ पूर्णांक दोनतृतीयांश. खाच कमी लांबीची झाली, वरच्या पट्टीतली बारीक चमक थोडी गेली, पण संगीताला दीड तास मिळाला. आवाजातून थोडे कापून त्यांनी जागा विकत घेतली. त्या जागेत २७ रचना बसल्या, शिवाय ५५ भाषांतल्या शुभेच्छा. त्यांत मराठीही आहे.

भारतातर्फे कोण, हा प्रश्न आला तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीचे नाव पुढे केले. ‘जात कहाँ हो’ या बंदिशीची ती तबकडी तेव्हा बाजारात मिळतही नव्हती. सेगन यांच्या सहकारी ॲन ड्रुयन यांनी शोध घेतला आणि ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात सापडली. पंख्या-मिक्सरांच्या शेजारी केसरबाई! मुंबईत त्या बैठकीची जागा, श्रोते, बिदागी सारे पारखून घेत. तिकडे दुकानदाराच्या टेबलाखाली त्यांचे गाणे कोणाची वाट न बघता पडून होते.

गाणे साडेतीन मिनिटांचे. बाख आणि बेथोव्हेन यांच्या पंगतीत ते बसले. व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ ला सुटले, व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, मुंबईत केसरबाई गेल्या. वय पंच्याऐंशी. २०१२ मध्ये पहिले यान आणि २०१८ मध्ये दुसरे सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. केसरबाईंची निम्म्या वेगाने कोरलेली भैरवी तिथे आहे. त्यांना विचारले असते तर त्यांनी परवानगी दिली असती का, याची मला दाट शंका आहे. निम्मा वेग ऐकूनच त्यांनी भुवई वर केली असती.

त्यांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या पुढे कॅसेटवर आल्या, मग सीडीवर आल्या. सीडीचा जन्म १९८२ चा, बाई जाऊन पाच वर्षे झाली होती. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. ती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि काठाला येता येता २०० वर उतरते. सेकंदाचे ४४,१०० तुकडे करून आवाज आकड्यांत ठेवते. एका चकतीत ७४ मिनिटे मावतात, म्हणजे केसरबाईंच्या तबकड्यांच्या वीस बाजू पाठोपाठ वाजतात. उठून सुई बदलावी लागत नाही, किल्ली द्यावी लागत नाही. पण वीस वेळा साडेतीन मिनिटे म्हणजे सलग सत्तर मिनिटे नव्हेत, हे तीच सीडी ऐकताना दर साडेतीन मिनिटांनी कळते. राग जरा तापतो न तापतो तोच दुसरा सुरू. यंत्र कितीही जड घेतले तरी मेणाच्या चकतीवर जे कोरलेच गेले नाही ते त्यातून निघायचे नाही.

हे मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, म्हणूनच जे कोरले गेले त्यातला कणही वाया जाऊ नये. मी म्हटले, तुमच्या सीड्यांपैकी निम्म्यांवर चरे आहेत, तो जाडजूड साहेब त्या वाजवणारच नाही. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळिसाला जातो, दुपारी वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही, दुरुस्तीला मशीन मुंबईला पाठवावे लागेल. गुरुजी मान डोलवत होते, पण नजर कॅटलॉगमधल्या त्या झाकणावर होती. एवढ्यात आतून आईंनी विचारले, माझी भजने उद्या वाजणार की नाही? त्यावर आम्ही दोघेही गप्प बसलो.

शेवटी साधा प्लेअर घेतला, ट्रेचा आणि रिमोटचा. रिमोटवर वाजवायच्या बटणाला गुरुजींनी लाल रंगाचा ठिपका दिला आहे, आईंना सापडावे म्हणून. पहाटे भजने होतात. आठ वाजता आई अंगणात गेल्या की गुरुजी ट्रे उघडून केसरबाईंची सीडी लावतात. मात्र उरलेल्या पैशांचे त्यांनी पोस्टात खाते उघडले आहे. कशासाठी ते मी विचारले नाही. खात्याला नाव काय दिले असेल ते मला ठाऊक आहे.